वाचक विचारतात : उत्तरेच्या रानातलं बालपण

मागच्या अंकात अलास्का आणि कॅनडाच्या युकॉन भागातल्या, रस्ता न पोचलेल्या रानात वाढणाऱ्या मुलांविषयी एक टिपण छापलं होतं. त्यावर पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. बहुतेक पत्रांत थंडीची धास्ती आहे, आणि ती साहजिक आहे. आमचं म्हणणं एवढंच, की त्या रानात नुसत्या थंडीने मूल क्वचितच संकटात येतं. अंग ओलं झालं, मोठ्यांनी घाई केली किंवा ठरलेली सवय एका दिवसापुरती सोडली, की संकट येतं. म्हणून उत्तरांत सवयींवरच भर दिला आहे.

माझी मुलगी आणि जावई चार वर्षांच्या नातीला घेऊन युकॉनमधल्या व्हाइटहॉर्स शहराच्या पुढे रानातल्या घरात राहायला जाणार आहेत. नातीसाठी सुती बनियनी आणि स्वेटर पाठवू का? गालांना खोबरेल लावलं तर थंडी बाधणार नाही ना?
— एक आजी, फोंडा

आजी, स्वेटर लोकरीचा असेल तर जरूर पाठवा. सुती बनियनी मात्र नकोत. सूत घाम पिऊन बसतं आणि लवकर वाळत नाही. ओलं कापड अंगाला लागून राहिलं की शरीराची ऊब भराभर निघून जाते. नातीच्या अंगाला लागून पातळ मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा थर असावा, त्यावर जाड लोकर किंवा फ्लीस आणि सगळ्यात वर वारा अडवणारा ढगळ कोट. ढगळ हा शब्द महत्त्वाचा आहे. ऊब धरते ती थरांमधली हवा. कपडे घट्ट झाले की ती हवा राहत नाही आणि हातापायांकडे जाणारं रक्तही आखडतं. पाय गार पडतात म्हणून दोन जाड मोजे कोंबून बूट घालतात, आणि पाय आणखी गार पडतात. बूट एक माप मोठा घ्यावा. आत नमद्याचं सुटं अस्तर असावं आणि ते रोज रात्री काढून शेगडीच्या वर, पण शेगडीला न टेकवता, टांगावं. हे अस्तर वाळवायला विसरणं ही तिथल्या घरातली सगळ्यात महाग चूक.

हातात पाच बोटांचे मोजे नकोत. अंगठा वेगळा आणि बाकी चार बोटं एकत्र राहतील असे मिटन घालावेत, म्हणजे बोटं एकमेकांना ऊब देतात. दोन्ही मिटन एका दोरीला बांधून ती दोरी कोटाच्या बाह्यांतून ओवून घ्यावी, म्हणजे हरवत नाहीत. बाहेर जाताना आणखी दोन कोरड्या जोड्या बरोबर ठेवाव्यात.

आता मुलीला आणि जावयाला हे मुद्दाम सांगा. मुलाला बर्फावरच्या घसरगाडीत बसवून बाप ती ओढत चालतो. चालून चालून तो घामाघूम होतो आणि त्याला वाटतं, आज फारशी थंडी नाही. मागे बसलेलं मूल हलत नाही, म्हणून त्याच वेळी ते गारठत असतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून मुलाच्या मानेमागे हात घालून बघावं आणि त्याला खाली उतरवून थोडं चालवावं. चार वर्षांचं मूल ‘मला थंडी वाजते’ असं सांगेलच असं नाही. ते गप्प होतं, किरकिर करतं, अडखळतं. कुडकुडणारं मूल ऊब न मिळताच कुडकुडायचं थांबलं, तर ते जास्त गंभीर आहे. कोरडे कपडे, गोड गरम पेय आणि मोठ्याच्या अंगाची ऊब लगेच द्यायला हवी. मूल सुस्तावलं असेल तर पेय घशात जाऊन गुदमरतं. तेव्हा ते न पाजता वैद्यकीय मदत बोलवावी.

खोबरेल लावू नका. तेलाने गाल गोठायचे थांबत नाहीत. त्वचेला ऊब आल्याचा भास मात्र होतो, आणि मोठी माणसं बेसावध राहतात. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच थिजतं, हे आपण इथे थंडीत बघतोच. नातीच्या कानांत सोन्याच्या कुड्या असतील तर थंडीपुरत्या काढायला सांगा. धातू कानाच्या पाळीतली ऊब ओढून घेतो.

तिथल्या हवामानाच्या बातम्यांत वाऱ्यासकट जाणवणारी थंडी वेगळी सांगतात, तो आकडा बघायचा. तो उणे २८ ते उणे ३९ असेल तर उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, आणि उणे ४० ते उणे ४७ असेल तर ५ ते १० मिनिटांत. गालावर मेणासारखा पांढरट, बधिर डाग दिसला की तो हिमदंश समजावा. चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही. गालावर उबदार तळवा नुसता ठेवावा. बोटं कडक झाली असतील तर घरात आणून ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवावीत. पाण्याचा अंदाज मोठ्याने आपल्या कोपराने घ्यावा, कारण बधिर बोटांना चटका कळत नाही. पुन्हा बाहेर थंडीत जावं लागणार असेल तर बोटं वितळवूच नयेत. वितळून पुन्हा गोठली तर इजा कितीतरी वाढते.

गोठलेल्या नदीवर मुलं खेळतात, असं टिपणात वाचलं. आईबाप त्यांना सोडतात तरी कसे?
— एक वाचक, रायबंदर

मोजून सोडतात. स्वच्छ, काळसर-निळ्या बर्फाची जाडी १० सेंटीमीटर असेल तर एक माणूस चालू शकतो, असा किमान हिशेब आहे. मुलं बरोबर असतील तर १५ धरावी, चार जण मिळून खेळणार असतील तर २०, आणि स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची मोटरगाडी, न्यायची तर २५. पांढरा, दुधी बर्फ जवळपास निम्म्याच ताकदीचा असतो, म्हणून त्यासाठी हे आकडे दुप्पट करायचे. जाडी एका जागी मोजून भागत नाही. लोखंडी पहारीने काही पावलांवर भोक पाडत पुढे जायचं आणि मोठ्या माणसाने मुलांच्या आधी जायचं.

तळ्यापेक्षा नदी जास्त फसवी. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, ओढा येऊन मिळतो तिथे, झऱ्याच्या तोंडाशी आणि बीव्हर या प्राण्याने ओढ्यावर घातलेल्या बांधाजवळ प्रवाह बर्फाला खालून खात असतो. वर ताजा भुसभुशीत बर्फ पडला की तो रजईचं काम करतो, त्यामुळे खालचा बर्फ जाड होत नाही. तिथल्या मुलांना आणखी एक गोष्ट लहानपणीच शिकवतात. नदीचं पाणी दाबाने बर्फाच्या वर येतं आणि भुसभुशीत थराखाली लपून राहतं. पाय त्यात गेला तर माणूस बुडत नाही, पण बूट भिजतो, आणि उणे ३० मध्ये भिजलेला बूट म्हणजे बोटांवर संकट. अशा वेळी घराकडे पळत सुटायचं नाही. जवळचा कोरडा काटक्याकुटक्यांचा आडोसा गाठायचा, आग पेटवायची आणि मोजे बदलायचे. म्हणून जराशा फेरीलाही काडेपेटी, भूर्जाची साल आणि कोरडे मोजे खिशात असतातच.

बर्फ फुटून माणूस पाण्यात पडलाच, तर कॅनडात एक-दहा-एक हा हिशेब पाठ करून घेतात. पहिलं एक मिनिट धाप आवरायला. पुढची दहा मिनिटं हातपाय ऐकतात, तेवढ्यात बाहेर निघायचं. थंडीने शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणजे पहिल्या धक्क्याने घाबरून पाणी घशात गेलं नाही, तर वेळ असतो. ज्या बाजूने आलो त्याच बाजूला तोंड करायचं, कारण तिकडच्या बर्फाने आपलं वजन पेललेलं असतं. कोपर बर्फाच्या काठावर टेकवून, पाय मागे जोराने झाडत पोटावर वर सरकायचं. वर आल्यावर उभं राहायचं नाही, लोळत दूर जायचं. काठावरच्या माणसाने धावत जवळ जायचं नाही. दोरी, काठी, ओंडका, हाताशी येईल ते पुढे करायचं. हे सगळं मुलांकडून कोरड्या जमिनीवर दरवर्षी करून घेतात.

बंद घरात रात्रभर लाकडं जळतात. धुराने गुदमरायला होत नाही? आणि लाकूड लागतं तरी किती?
— एक वाचक, डिचोली

तिथे उघडी चूल नसते. झाकणाची लोखंडी शेगडी असते आणि तिचं धुरांडं छपरातून वर जातं. तिकडे लाकूड कॉर्डमध्ये मोजतात. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब रचलेली रास म्हणजे एक कॉर्ड, १२८ घनफूट. घराचा आकार आणि भिंतींतली भर बघून एका हिवाळ्याला साधारण ५ ते १० कॉर्ड लागतात. भूर्ज हळू आणि जास्त आच देत जळतो, पण आदल्या वसंतात तोडून, फोडून, वर झाकण घालून आणि बाजू उघड्या ठेवून वाळवावा लागतो. ऐन वेळी लागलं तर उभा वाळलेला स्प्रूस, म्हणजे तिकडचं सुईसारख्या पानांचं झाड, तोडतात. तो लगेच जळतो, पण लवकर संपतो.

घोटाळा होतो तो ओल्या लाकडाने आणि मंद आचेने. रात्र निघावी म्हणून शेगडीची हवा अगदी कमी करतात. मग लाकूड नुसतं धुमसतं, धूर गार होतो आणि धुरांड्याच्या आत डांबरासारखा थर बसतो. हा थर एखाद्या रात्री पेट घेतो आणि छप्पर जळतं. उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच खरा आहे. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली हवी, रोज थोडा वेळ शेगडी पूर्ण पेटवावी, आणि हिवाळ्यात महिन्यातून एकदा धुरांडं तारेच्या ब्रशने साफ करावं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सकाळी घरातल्या सगळ्यांचंच डोकं दुखत असेल तर आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं. या वायूचा इशारा देणारं बॅटरीवरचं यंत्र झोपायच्या जागेजवळ असायलाच हवं. राख धातूच्या झाकणाच्या डब्यात भरून घराबाहेर, लाकडापासून दूर ठेवतात, कारण तिच्यात निखारे कितीतरी तास जिवंत राहतात. शेगडीभोवती मुलांसाठी जाळी किंवा आखून दिलेली रेघ असते. रांगणारं मूल असेल तर जाळीच हवी.

गॅसवर विसंबता येत नाही. तिकडच्या सिलिंडरातला प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. त्याखाली सिलिंडर भरलेला असूनही गॅस येत नाही. आपल्याकडच्या सिलिंडरातला ब्युटेन तर शून्याच्या आसपासच थांबतो.

आम्ही सत्तरीत राहतो, बिबट्याचा वावर ओळखीचा आहे. तिथे अस्वलं. मुलांना एकटं बाहेर सोडतात का?
— एक वाचक, वाळपई

हिवाळ्यात अस्वलं गुहेत असतात, चिंता एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंतची. मुलं आवाज करत फिरतात, विशेषतः ओढ्याच्या खळखळाटात आणि बेरीच्या झुडपांत, कारण दचकलेलं अस्वल जास्त धोक्याचं. अस्वल दिसलं तर पळायचं नाही, हा नियम चालायला लागलेल्या मुलालाही शिकवतात. सगळ्यांनी एकत्र यायचं, शांत आवाजात बोलत मागे सरकायचं. मिरचीच्या अर्काचा फवारा मोठ्यांच्या कमरेला असतो. तो पिशवीत ठेवला तर निरुपयोगी, कारण अस्वल पाच ते दहा मीटरवर येईपर्यंत तो पोचत नाही, आणि त्यानंतर पिशवी उघडायला वेळ नसतो. मोठी मुलं सरावाचा, म्हणजे नुसत्या पाण्याचा, फवारा मारून शिकतात. पिल्लांना वाचवायला आलेल्या ग्रिझलीने, म्हणजे तपकिरी अस्वलाने, धरलंच तर पालथं पडून हात मानेमागे बांधायचे. काळं अस्वल अंगावर आलं तर मात्र जीव खाऊन लढायचं.

घराभोवती अन्नाचा वास राहू देत नाहीत, हीच खरी राखण. मांस-मासळी उंच खांबांवरच्या कोठारात ठेवतात आणि खांबांना पत्रा ठोकतात, म्हणजे नखं रुतत नाहीत. शिडी काम झालं की काढून ठेवायची. ती लावून ठेवली तर पत्रा ठोकून उपयोग काय?

आणि मूसला विसरू नका. घोड्याहून उंच असं हे सांबर-कुळातलं जनावर अलास्कात अस्वलापेक्षा जास्त माणसांना जखमी करतं. खोल बर्फाच्या दिवसांत ते तुडवलेली पायवाट सोडायला तयार नसतं. त्याने कान मागे पाडले, मानेवरचे केस उभे केले, की तिथून पळायचं आणि जाड झाडाआड जायचं. अस्वलासमोर पळायचं नाही, मूससमोर पळायचं. मुलांना हा फरक रोजच्या बोलण्यात येता-जाता विचारतात.

दुकान नाही, रस्ता नाही. मुलं खातात काय? शाकाहारी कुटुंबाला तिथे राहता येईल का?
— एक गृहिणी, पेडणे

ताई, आपल्याकडे पावसाळ्याआधी पुरुमेंताचा साठा भरतात, तसंच हे, फक्त मोठं. वर्षातून दोनदा तिथली वाट बंद होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नदी गोठताना आणि एप्रिल-मे मध्ये बर्फ फुटताना होडीही जात नाही आणि गोठलेल्या नदीवरून गाडीही नेता येत नाही. छोटी विमानं उन्हाळ्यात पाण्यावर उतरायच्या तरंड्यांवर आणि हिवाळ्यात बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्यांवर चालतात. मधल्या काळात दोन्ही निकामी. हा काळ तीन ते सहा आठवडे धरून आणि त्यावर आणखी महिन्याचा साठा ठेवून चालावं लागतं. चार माणसांना दिवसाला एक किलो धान्य धरलं, तर नुसत्या सहा महिन्यांना १८० किलो. डाळी, तेल, दूधपावडर, साखर, मीठ वेगळं.

तांदूळ, डाळ, पीठ गोठलं तरी बिघडत नाही. बटाटा गोठला की मऊ, काळा होऊन सडतो. काचेच्या बरण्या फुटतात. म्हणून जमिनीखाली तळघर करून तिथे दोन ते चार अंश राखतात. सुगरण बाईला तिथे मसाल्याच्या डब्यापेक्षा या तळघराच्या तापमापकाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

शाकाहार जमतो, डाळीचं पोतं विमानाने न्यायचं भाडं परवडत असेल तर. बी-१२ जीवनसत्त्वाची सोय मात्र बाहेरूनच करावी लागते. तिथली बहुतेक कुटुंबं मूस, कॅरिबू (तिकडचं रानटी रेनडिअर), ससे आणि मासे खातात. नुसत्या सशांवर राहिलं तर पोट भरूनही माणूस खंगतो, कारण सशात चरबी फारच कमी असते. चरबीविना प्रथिनं शरीराला पेलत नाहीत. म्हणून मुलांच्या ताटात चरबी मुद्दाम वाढतात. ‘क’ जीवनसत्त्व रानगुलाबाच्या फळांतून आणि स्प्रूसच्या कोवळ्या पालवीच्या काढ्यातून मिळतं. मासे आंबवायची तिथल्या मूळ रहिवाशांची जुनी रीत आहे, पण ती गवत अंथरलेल्या खड्ड्यात करायची. बंद प्लॅस्टिकच्या बादलीत आंबवलं तर हवेविना बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार होतं, आणि अलास्कात त्याने माणसं दगावली आहेत.

पूर्वी युकॉन नदीकाठी घरातल्या कुत्र्यांपर्यंत सगळ्यांचं पोट सामन माशावर भरायचं. तो मासा आता फार कमी झाला आहे. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने युकॉन नदीतली चिनूक जातीच्या सामनची मासेमारी सात वर्षं थांबवायचं ठरवलं. काठावरच्या गावांतली मुलं मासे कापायला, सुकवायला आजीच्या शेजारी बसून शिकायची. मासेच नसतील तर तो वर्ग कुठे भरणार, ही चिंता त्या गावांत आज सगळ्यात मोठी आहे.

शाळेचं काय?
— एक शिक्षिका, साखळी

बाई, टपालाने. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने दूरच्या वस्त्यांवरच्या मुलांसाठी टपाली शाळा १९१९ मध्ये काढली, अलास्काने १९३९ मध्ये. धडे, वह्या, अगदी प्रयोगाचं सामानही पेटीतून यायचं आणि सोडवलेली उत्तरं विमानाने परत जायची. आता उपग्रहाचं इंटरनेट बऱ्याच घरांत आहे, पण वीज सौर पाट्यांवर असेल तर डिसेंबरात ती पुरत नाही. म्हणून कागदी संच अजून लागतो. रानात राहणाऱ्यांना निरोप द्यायला अलास्कातल्या फेअरबँक्स शहराजवळच्या नॉर्थ पोल नावाच्या गावातल्या रेडिओवर ‘ट्रॅपलाइन चॅटर’ हा कार्यक्रम असतो. आजोबांचा निरोपही त्यावर येतो आणि विमान कधी येणार हेही.

लहान वर्गांत मुलं छान शिकतात, कारण लाकडाची रास मोजताना घनफळ आपोआप समजतं. अडचण बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू होते. बीजगणित शिकवायला आईला स्वतः बसून शिकावं लागतं, आणि मुलाला समवयस्क सोबत हवी असते. बरीच कुटुंबं त्या वयात गावाकडे सरकतात. ते हरणं नव्हे.

मात्र ही गोष्ट हौसेने रानात गेलेल्यांची झाली. मूळ रहिवाशांच्या मुलांना हा पर्यायच नव्हता. कॅनडात दीड लाखावर मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवलं गेलं, आपली भाषा बोलली म्हणून शिक्षा झाली. सत्यशोधन आयोगाने २०१५ मध्ये तो इतिहास सविस्तर मांडला. अलास्कात गावात हायस्कूल नसल्याने मुलांना शेकडो मैल दूर जावं लागे. त्याविरुद्धच्या खटल्यात १९७६ मध्ये तडजोड झाली आणि राज्याला शंभरावर गावांत हायस्कूलची सोय करणं भाग पडलं. वर्गात उत्तरेचं बालपण शिकवणार असाल, तर घसरगाड्या आणि कुत्र्यांबरोबर हेही शिकवा.

मी मुलांसाठी कादंबरी लिहीत आहे. त्यात दहा वर्षांची मुलगी हिवाळ्यात वाट चुकते आणि इग्लू बांधून रात्र काढते. हे पटण्यासारखं आहे का?
— एक लेखक, म्हापसा

इग्लू नाही. त्याला वाऱ्याने घट्ट झालेला, करवतीने कापता येईल असा बर्फ लागतो. तो उघड्या किनारी प्रदेशात मिळतो, स्प्रूसच्या रानात नाही. रानातला बर्फ साखरेसारखा सुटा असतो. तिथे ‘क्विन्झी’ करतात. माणसाच्या छातीएवढा ढीग फावड्याने किंवा बर्फावर चालायच्या जाळीदार पावलांनी रचायचा. रचताना बर्फ उलटापालटा होतो, म्हणून तास-दोन तास तसाच ठेवला की कण एकमेकांना धरतात. मग साधारण ३० सेंटीमीटरच्या काटक्या सगळीकडून खोचायच्या आणि आतून पोखरत जायचं. काटकीचं टोक दिसलं की थांबायचं. भिंत सगळीकडे सारखी जाड राहते. वर मुठीएवढं हवेचं भोक हवंच, आत आग नको, खाली स्प्रूसच्या फांद्यांचा जाड थर हवा. ढीग न मुरवता पोखरला तर तो कोसळतो. दुसरा धोका म्हणजे पोखरताना मुलगी घामाने भिजेल. तुमच्या मुलीने कोट काढून हळूहळू काम केलं, तर जाणकार वाचक तुमच्यावर विश्वास ठेवेल.

पण खरं सांगायचं तर तिथल्या मुलीला एवढं करायला शिकवतच नाहीत. वाट चुकलीस की जवळचं झाड धर आणि तिथेच थांब, असं शिकवतात. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही शिकवण कॅनडातल्या शाळांतही देतात. गळ्यात शिट्टी असते. तीनदा वाजवायची, थांबायचं, पुन्हा तीनदा. हलत राहणाऱ्या मुलाला शोधणं कठीण, थांबलेलं मूल लवकर सापडतं. फांद्यांवर बसायचं, बर्फावर नाही, आणि बर्फ खायचा नाही, त्याने आतून गारठा येतो.

डिसेंबरातला अंधार मुलांना बाधत नाही का? आणि उन्हाळ्यात डास?
— एक वाचक, मडगाव

फेअरबँक्सला २१ डिसेंबरला सूर्य पावणेचार तासही वर नसतो. पणजीला त्या दिवशी अकरा तासांहून जास्त उजेड असतो. तिथल्या हिवाळी उन्हात त्वचा ‘ड’ जीवनसत्त्व बनवू शकत नाही, आणि सावळ्या कातडीला तर इतर ऋतूंतही जास्त ऊन लागतं. कॅनडात तान्ह्या बाळाला रोज ४०० आणि त्याहून मोठ्या मुलांना ६०० युनिट ‘ड’ मिळावं असं सांगतात. किती थेंब ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. दुपारचा उजेड असेल तेवढा वेळ, उणे २५ असलं तरी, मुलांना बाहेर काढतात. घरात बसवलेली मुलं चिडचिडी होतात. उन्हाळ्यात उलट, रात्री अकरालाही उजेड असतो. झोपायची वेळ घड्याळाने पाळायची आणि खिडकीला जाड काळा पडदा लावायचा.

डास जून-जुलैत ढगासारखे येतात, पण त्यांच्यापासून मलेरिया-डेंग्यूचा धोका नाही. फिकट रंगाचे ढगळ कपडे आणि डोक्यावरून जाळी. डीट हे डास पळवणारं रसायन असलेलं मलम सहा महिन्यांखालच्या बाळाला लावायचं नाही. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना १० टक्क्यांपर्यंतचं, दिवसाला जास्तीत जास्त तीनदा.

मला तिथे जमीन घेऊन, लाकडी घर बांधून, मुलांना निसर्गात वाढवायचं आहे. जमीन फुकट मिळते असं ऐकलं.
— एक तरुण, काणकोण

आता मिळत नाही. अमेरिकेचा १८६२ चा होमस्टेड कायदा इतर राज्यांत १९७६ मध्ये आणि अलास्कात १९८६ मध्ये संपला. सरकारी रानात परवानगीविना घर बांधलं तर ते काढायला लावतात. परदेशी नागरिकाला आधी राहायचा परवाना हवा, तो जमिनीच्या हौसेवर मिळत नाही. आणि ज्याला आपण रिकामं रान म्हणतो ते रिकामं नाही. अलास्कात १९७१ च्या कायद्याने सुमारे ४ कोटी ४० लाख एकर मूळ रहिवाशांच्या कंपन्यांकडे आहे. युकॉनमध्ये १९९३ च्या करारानंतर १४ पैकी ११ मूळ समाजांचे स्वतःचे जमीन-करार झाले आहेत. सापळ्यांच्या वाटा, मासे धरायच्या जागा, कॅरिबूचे रस्ते पिढ्यान् पिढ्या कुणाचे ना कुणाचे आहेत. जायचंच असेल तर आधी व्हाइटहॉर्स किंवा फेअरबँक्ससारख्या शहरात नोकरीवर एक पूर्ण हिवाळा काढा, प्रथमोपचाराचा रानातला अभ्यासक्रम करा, आणि तान्ह्या मुलाला घेऊन पहिलाच हिवाळा रानात काढू नका. विमान हवामानावर उडतं. आजारी बाळासाठी ते दोन दिवस आलं नाही, तर काय करणार याचं उत्तर तयार असल्याशिवाय पाऊल टाकू नका.

उणे ४० मध्ये बाहेरच्या संडासात कसे बसतात? आणि लोखंडाला जीभ चिकटते हे खरं का?
— इयत्ता सातवीतला वाचक, कुडचडे

दोन्ही प्रश्न चांगले आहेत. बैठक लाकडाची किंवा प्लॅस्टिकची नसते, दोन इंच जाड निळ्या फोमची असते. फोम अंगातली ऊब ओढत नाही, त्यामुळे बसताक्षणी उबदार लागतो. काही घरांत बैठक शेगडीमागे टांगलेली असते आणि जाताना बरोबर नेतात. खालचा ढीग गोठून उंच होत जातो, तो अधूनमधून बांबूसारख्या लांब दांड्याने पाडावा लागतो. ते काम बहुधा तुझ्या वयाच्या मुलांकडेच असतं.

जीभ खरंच चिकटते. लोखंड जिभेवरच्या ओलाव्यातली उष्णता इतक्या झटकन ओढतं, की तो ओलावा जागीच गोठतो. ओठ, ओले हात यांचंही तेच होतं, म्हणून तिथे कुलपाची किल्ली कुणी तोंडात धरत नाही. कुणाची जीभ चिकटली तर ओढायची नाही, साल निघते. त्याने नाकाने श्वास घेत स्थिर राहायचं आणि दुसऱ्याने घरातून कोमट पाणी आणून हळूहळू ओतायचं. उकळतं नाही.